गोळेश्वरचं पदक आणि त्याला लागलेले हात



संक्रांत झाली की आपल्याकडं हळदीकुंकवाचे दिवस सुरू होतात. रथसप्तमीपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या दारात वाण लुटलं जातं. याच दिवसांत, १५ जानेवारीला, आणखी एक दिवस येतो. आपल्या राज्यानं हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला आहे. का ठरवला? तर १५ जानेवारी १९२६ ला कराड तालुक्यातल्या गोळेश्वर गावात खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये पहिलं वैयक्तिक पदक त्यांनी मिळवून दिलं.

खाशाबांचं नाव आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. शाळेच्या पुस्तकात, एसटी स्टँडवरच्या फलकावर, यात्रेतल्या कुस्तीच्या फडात निवेदकाच्या तोंडून. पण आज मला त्यांच्या कुस्तीइतकीच दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. त्या पदकाला किती जणांचे हात लागले, आणि त्या पदकाचा आणि त्या हातांचा मान आपण कधी आणि कसा केला, ही ती गोष्ट. कारण मान करण्याचं काम आपल्या गटांच्या हातात आहे. त्याला ना मंत्री लागतो, ना मोठा निधी.

सुरुवात गोळेश्वरपासून करू. कृष्णा-कोयनेच्या संगमावर कराड, आणि कराडला लागूनच हे गाव. खाशाबांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. पाच वर्षांचे असतानाच वडिलांनी त्यांना मातीत उतरवलं. आपल्या भागात त्या काळी हे नवलाचं नव्हतं. गावात मारुतीचं देऊळ असायचं तशी तालीम असायचीच. पहाटे जोर-बैठका, मग लढती, संध्याकाळी पुन्हा मेहनत. तालमीत पोरं नुसती कुस्ती शिकत नसत. वेळेवर उठणं, वस्तादाच्या शब्दाबाहेर न जाणं, लंगोट सांभाळणं, हेही तिथंच शिकत.

तालीम कशावर चालते ते जरा आठवून बघा. आधी माती लागते, आणि ती नुसती आणून टाकून भागत नाही. ती चाळायची, खडे वेचायचे, मग तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद घालून ती मऊ करायची. रोज हौदा खणून माती वरखाली करायची. ही मेहनत पोरं करतात. त्यांना शिकवणारा वस्ताद बहुतेक वेळा पगाराविना शिकवतो. फडात हलगी वाजवणारा असतो, त्याच्या हलगीशिवाय कुस्तीला रंग चढत नाही. वर्गणी गोळा करणारी यात्रा कमिटी असते. पंच असतो. रेवडी-नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत उन्हात उभं राहून जोड लावणारी माणसं असतात.

आणि खुराक? दूध, तूप, बदाम, थंडाई, भाकरी. ती म्हैस कोण सांभाळतं? धार कोण काढतं? ताक कोण घुसळतं? बदाम वाटून कोण देतं? ज्या घरात पैलवान असतो त्या घरातल्या बाईचा दिवस त्या पैलवानाच्या आधी सुरू होतो आणि त्याच्या नंतर संपतो. दुधाचा पेला त्याला गेला की उरलेल्या दुधात घरच्या बाकी पोरांचा चहा होतो, आणि पुष्कळदा तिच्या स्वतःच्या वाट्याला कोराच येतो. हे कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण ते आपल्याला कुणी शिकवायलाही नको, आपण ते घराघरांत पाहिलेलं आहे.

खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. याच शाळेत त्यांच्या आधी यशवंतराव चव्हाण शिकून गेले होते. ते दिवस स्वातंत्र्याच्या चळवळीचे. सातारा जिल्हा तर त्यात पुढंच होता. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या, निरोप पोचवण्याच्या कामात खाशाबाही होते. पुढं शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी तिथं कुस्तीला राजाश्रय दिलेला. तिथं बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना घडवलं. अंगानं खाशाबा लहान, पण चपळाई अशी की समोरच्याला कळायच्या आत डाव पडायचा. त्यांचा ढाक हा डाव विशेष गाजला. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून त्याला असा फिरवायचा की पाठ थेट जमिनीला लागली पाहिजे.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक झालं. देश स्वतंत्र होऊन एकच वर्ष झालेलं. खाशाबांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथं गेल्यावर पहिली अडचण आली ती मातीची. म्हणजे मातीच नव्हती! तिथं मॅटवर कुस्ती. आपल्याकडं पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते, घड्याळ कुणी बघत नाही. तिथं वेळ ठरलेली आणि गुणांवर निकाल. मातीत पाय रुततो, मॅटवर घसरतो. जन्मभर चुलीवर भाकरी केलेल्या बाईला एकदम अनोळखी शेगडीवर, घड्याळ लावून स्वयंपाक करायला सांगावा तसं ते. तरीही खाशाबा ५२ किलोच्या गटात सहावे आले. जगात सहावे! पण ते स्वतः समाधानी नव्हते. परत आल्यावर पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत दुप्पट केली.

१९५२ चं ऑलिम्पिक फिनलंड देशात हेलसिंकीला होतं. आता खाशाबा ५७ किलोच्या गटात. पण संघात निवड होतानाच घोळ झाला. मद्रासच्या निवड स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली, खाशाबांनी ती जिंकली आणि संघात जागा मिळवली. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्यावर अन्याय झालाय असं वाटलं तर योग्य ठिकाणी जाऊन, पुरावा दाखवायची तयारी ठेवून बोलायचं. खाशाबांनी पुरावा म्हणून कुस्तीच करून दाखवली.

निवड झाली, आता पैसे? या वेळी खर्च उचलणारे महाराज नव्हते, संस्थानं विलीन झाली होती. तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडं मदत मागितली, तर स्पर्धा झाल्यावर भेटा असं उत्तर मिळाल्याचं सांगतात. स्पर्धा झाल्यावर प्रवासाच्या पैशाचा उपयोग काय? मग गाव उभं राहिलं. गोळेश्वरनं आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी हातभार लावला, ज्याला जसं जमेल तसं प्रत्येकानं दिलं. खूप खटपट केल्यावर सरकारकडून चार हजार रुपये मिळाले. सगळ्यात मोठी रक्कम दिली ती राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी. आपल्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले.

जरा थांबून विचार करा. १९५२ सालचे सात हजार. आणि राहतं घर! पोरगा जिंकेल याची खात्री कुणाला होती? मागच्या खेपेला तो सहावा आला होता. पोरगं गुणी आहे आणि पैशावाचून त्याचं अडायला नको, एवढ्याच विश्वासावर मास्तरांनी घर लावलं. त्या काळी घर गहाण टाकताना घरच्या बाईनं काय म्हटलं असेल, तिनं सही केली का नुसती मान हलवली, हे आपल्यापर्यंत आलेलं नाही. पण तिच्या डोक्यावरचं छप्परही त्या गहाणखतात होतंच.

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. पंधरा मिनिटांहून जास्त वेळ चाललेली, अंगातलं बळ काढून घेणारी कुस्ती. खाशाबा ती हरले. इशीला पुढं सुवर्णपदक मिळालं. त्या लढतीनंतर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव्हशी लढायला बोलावलं. खरं तर नियमानं दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ते सांगायला, पंचांशी भांडायला, आपला एकही अधिकारी त्या वेळी तिथं हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत, दमलेला पैलवान एकटा काय बोलणार? ते मॅटवर उतरले आणि हरले. तरी एकूण गुणांवर तिसरा क्रमांक आला. २३ जुलै १९५२. कांस्यपदक गळ्यात पडलं.

त्या एका प्रसंगात स्वयंसेवकाचं मोल कळतं. कुस्ती पैलवानच करतो. पण त्याच्या बाजूला उभं राहून, नियमाचं पुस्तक हातात धरून, याला अजून अर्धा तास बसू द्या, असं म्हणणारं एक माणूस लागतं. ते माणूस नसलं की काय होतं ते हेलसिंकीला दिसलं. गावातल्या खेळातही तसंच असतं. पोरींचा कबड्डीचा सामना तालुक्याला असला तर त्यांच्याबरोबर जाणारी, पाण्याची बाटली धरणारी, दुखावलेल्या पोरीला पुन्हा मैदानात ढकलू न देणारी एखादी बाई लागते. ती नसली तर कितीतरी पोरींना घरून सोडतच नाहीत.

पदक घेऊन खाशाबा आले तेव्हाचं स्वागत आजही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येतं. कराड स्थानकापासून गावापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोडक्या वेळात होणारी वाट कापायला काही तास लागले. वाजंत्री, गुलाल, फटाके. त्याच ऑलिम्पिकात हॉकी संघानं सुवर्णपदक मिळवलं होतं. देशाचं लक्ष तिकडं होतं, ते साहजिकही होतं. पण कराडच्या लोकांनी आपल्या माणसाचं मोल दिल्लीवरून कुणी सांगायची वाट पाहिली नाही. ज्यांनी वर्गणी दिली त्यांनीच बैल जुंपले.

आणि खाशाबांनी काय केलं? सगळ्यात आधी मास्तरांचं घर सोडवायचं ठरवलं. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि जे मिळालं ते खर्डेकर सरांना नेऊन दिलं. मान करण्याची ही खरी रीत. नुसतं भाषणात नाव घेऊन ते थांबले नाहीत, गहाण घर सोडवून दिलं.

पुढचा इतिहास मात्र तितका गोड नाही. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. तिथं खेळले, पोरांना शिकवलं, सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पण निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावण्याचा मान मिळाला, तेवढाच. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी.

मग मान सुरू झाले. त्यांच्या मागं राज्याचा छत्रपती पुरस्कार आला. २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, म्हणजे पदकानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं. १५ जानेवारी २०२३ ला गुगलनं आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं. आणि मग राज्य क्रीडा दिन ठरला. हे सगळं चांगलंच झालं. पण यातलं काय त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं? जवळजवळ काहीच नाही. गोळेश्वरला त्यांच्या नावानं कुस्तीची अकादमी व्हावी म्हणून घोषणा झाल्या, तरी काम रेंगाळलं. इतकं की २०१७ साली अकादमीसाठी पैसा उभा करायला घरच्यांनी ते पदकच लिलावात काढायची भाषा केली. ज्या पदकासाठी एकदा घर गहाण पडलं, तेच पदक विकायला निघावं लागतं, यापेक्षा जास्त काय सांगायचं?

खाशाबांनंतर वैयक्तिक पदकासाठी देशाला ४४ वर्षं थांबावं लागलं. १९९६ साली लिअँडर पेसला टेनिसमध्ये कांस्य मिळालं. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी भागातल्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवलं.

आता तुम्ही म्हणाल, यात बायका कुठं आहेत? आहेत, पण शोधाव्या लागतात.

ज्या हेलसिंकीला खाशाबा गेले, त्याच हेलसिंकीला स्वतंत्र भारताच्या बायका पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरल्या. चौघी होत्या. धावायला नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा, पोहायला डॉली नझीर आणि आरती साहा. आरती तर बारा वर्षांचीही नव्हती. मेरी डिसूझा मुंबईच्या वांद्र्याच्या. त्यांच्याही प्रवासाला पैसे नव्हते. मित्रमैत्रिणींनी, शेजाऱ्यांनी कार्यक्रम करून पैसे जमवले. गोळेश्वरला जे बैलगाडीवाल्यांनी केलं, ते वांद्र्याला शेजारणींनी केलं. मेरीबाईंना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली, त्या ८२ वर्षांच्या असताना. त्या निदान तो स्वीकारायला होत्या.

दुसरी गोष्ट हमीदा बानूंची. खाशाबांच्या पदकानंतर दोनच वर्षांनी, १९५४ साली, उत्तरेकडची ही बाई पुरुषांशी कुस्त्या खेळत गावोगाव फिरत होती. जो मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करेन, असं तिनं जाहीर केलं होतं. बडोद्याला तिनं बाबा पैलवान नावाच्या मल्लाला दीड मिनिटाच्या आसपास वेळात हरवलं. आपल्या कोल्हापुरात मात्र ती पुरुष मल्लाला हरवून बाहेर आली तेव्हा लोकांनी हुर्यो केली, दगड मारले. पुण्याला रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती, ती तिथल्या कुस्ती संघटनेच्या विरोधामुळं रद्द झाली. तिनं मोरारजी देसाईंकडं तक्रार केली. तेच मोरारजी. त्यांचं उत्तर आलं की तू बाई आहेस म्हणून बंदी नाही, ठेकेदार खोटे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे. पुढं हमीदाबाई मुंबईजवळ कल्याणला राहिल्या. दूध विकून आणि नंतर रस्त्यावर खाऊचे पदार्थ विकून त्यांनी दिवस काढले. १९८६ साली त्या गेल्या. ना मिरवणूक, ना शाल, ना नारळ.

म्हणजे बघा, एकाच काळात, एकाच मुलखात, एका पैलवानाला शंभर बैलगाड्या आणि एका पैलवान बाईला दगड. ज्या कोल्हापूरनं खाशाबांना घडवलं त्याच कोल्हापुरात. हेही आपलंच, तेही आपलंच. इतिहास सांगताना दोन्ही सांगायला हवं.

पण गोष्ट इथं थांबली नाही. २०२३ च्या मार्च महिन्यात सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. शेवटची कुस्ती कल्याणची वैष्णवी पाटील आणि सांगलीची प्रतीक्षा बागडी यांच्यात. ज्या कल्याणला हमीदाबाई दूध विकत होत्या त्या कल्याणची एक पोरगी, आणि आपल्या सांगलीची एक पोरगी. दोघी मॅटवर, आणि लोक टाळ्या वाजवतायत. प्रतीक्षा जिंकली आणि चांदीची गदा खांद्यावर घेऊन उभी राहिली. सत्तर वर्षांत दगडाच्या जागी गदा आली. ती आपोआप आली नाही. मधल्या काळात कुणीतरी बापानं पोरीला तालमीत नेलं, कुणीतरी आईनं लोकांचं बोलणं ऐकून घेतलं, कुणीतरी वस्तादानं तालमीचं दार पोरींसाठी उघडलं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली आहेत का?

आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर घ्या. दुष्काळी भाग. शाळेत खो-खो खेळणारी पोरगी. पुढं लांब पल्ल्याच्या धावण्यात आली आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीत अंतिम फेरीत पोचली. दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारताची बाई ऑलिम्पिकच्या धावण्याच्या अंतिम फेरीत दिसली. ललिता पळाली हे जगानं पाहिलं. पण तिच्याबरोबर शाळेच्या मैदानात खो-खो खेळलेल्या बाकीच्या आठ-दहा पोरी आज कुठं आहेत? त्यातल्या कुणी ऊस तोडत असेल, कुणी अंगणवाडीत असेल, कुणी बचत गटाची सचिव असेल. खेळ त्यांनीही खेळला. त्या नसत्या तर संघ झाला नसता, आणि संघ झाला नसता तर ललिताही मैदानात आली नसती.

म्हणून मैत्रिणींनो, माझं सांगणं असं आहे. यंदा १५ जानेवारीच्या आसपास गटाचं हळदीकुंकू ठेवाल, तेव्हा त्यातला एक तास गावातल्या जुन्या खेळाडूंसाठी आणि खेळासाठी राबलेल्या माणसांसाठी ठेवा.

आधी यादी करा. गटातल्या दोघी-तिघींनी वही घेऊन गावात फिरावं. साठीच्या पुढच्या बायांना विचारावं, तुम्ही शाळेत काय खेळायचा? लंगडी, खो-खो, कबड्डी, लेझीम? किती वर्षं खेळलात? खेळ कधी सुटला, आणि का सुटला? पहिल्यांदा त्या हसतील, आमचं कसलं खेळणं म्हणतील. थोडं बसा, चहा घ्या, मग बोलतील. लग्न ठरलं आणि खेळ सुटला, हे उत्तर पुष्कळ वेळा येईल. तेही लिहा. तो आपल्या गावच्या खेळाचा इतिहासच आहे.

मग खेळाच्या मागं उभी असलेली माणसं शोधा. यात्रेत वर्षानुवर्षं हलगी वाजवणारे, पगाराविना पोरांना शिकवणारे वस्ताद, मैदानावर फक्की मारणारा शिपाईमामा, पोरींना तालुक्याला घेऊन जाणाऱ्या बाई, स्पर्धेच्या दिवशी सगळ्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालणारी आजी. हलगीवाला हा पुष्कळदा गावाच्या कडेच्या वस्तीतला असतो. फडात त्याची हलगी सगळ्यांना हवी असते, पण सत्काराच्या वेळी त्याचं नाव पुकारलं जात नाही. ते या वेळी पुकारा, आणि पहिल्या पाचात पुकारा.

तिसरं, कागद सांभाळा. कुणाच्या घरी जुना फोटो असेल, प्रमाणपत्र असेल, वर्तमानपत्राचं कात्रण असेल, तर मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. मागच्या बाजूला नावं लिहा, कोण कुठं उभं आहे ते लिहा. याचा मानापलीकडंही उपयोग असतो. मोठे किताब मिळवलेल्या वयस्क मल्लांना शासनाकडून मानधन मिळतं, पण अर्जाबरोबर पुरावा लागतो. कागद उंदरानं खाल्ला की मानधनही गेलं आणि इतिहासही गेला.

सत्कार मोठा करायची गरज नाही. प्रत्येकाच्या घरी पाच-सहा शाली घडी घालून पडलेल्या असतात. त्यापेक्षा त्या माणसाबद्दल दोन मिनिटं बोला. त्यानं काय केलं, किती वर्षं केलं, ते नेमकं सांगा. थोर क्रीडाप्रेमी वगैरे नको. तीस वर्षं यात्रेत जोड लावले, एकदाही एका बाजूला झुकले नाहीत, असं सांगा. ऐकणाऱ्या पोरांना ते लक्षात राहतं. जमलं तर त्या माणसाची एखादी नड भागवा. कुणाला गुडघ्याच्या पट्ट्याची गरज असते, कुणाला दवाखान्यात सोबत हवी असते. खाशाबांनी मास्तरांना हार घातला असता तरी मास्तर खूश झाले असते. पण त्यांनी घर सोडवून दिलं.

शेवटचं, हे सगळं गटाच्या इतिवृत्तात नोंदवा आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी जी महिला सभा होते तिथं मांडा. गावातल्या मैदानाला, व्यायामशाळेच्या खोलीला, यात्रेतल्या एखाद्या इनामाला गावच्याच एखाद्या राबलेल्या माणसाचं नाव द्यावं, असा ठराव मागा. बाईचं नाव सुचवायला कचरू नका. आपल्या भागात कितीतरी मैदानं अशी आहेत की ज्यांची जमीन कुणीतरी दिली, दगड कुणीतरी वेचले, आणि आज त्यांचं नाव कुणालाच आठवत नाही.

गोळेश्वरच्या त्या वर्गणीची यादी आज आपल्या हाती असती तर तिच्यात काय दिसलं असतं? कुणाचे पाच रुपये, कुणाचा एक रुपया, कुणाचे आठ आणे. पुढं नावं पुरुषांची, पण पैसा घरातला, म्हणजे दुधाचा, अंड्यांचा, शेंगांचा. आज त्या यादीतलं एकच नाव सगळ्यांना ठाऊक आहे, खर्डेकर सरांचं. ते ठाऊक असायलाच हवं. बाकीची नावं त्या वेळी कुणी वहीत उतरवून जपली असती, तर खाशाबांच्या पदकाशेजारी ती वहीही ठेवता आली असती.

आपल्या गावची वही अजून कोरी आहे. ज्यांची नावं तिच्यात लिहायची, त्यातली बरीच माणसं आज हयात आहेत, ओट्यावर बसलेली आहेत, हाक मारली तर ओ देतील. संक्रांतीला तीळगूळ द्यायला त्यांच्याकडं जाल तेव्हा वही-पेन बरोबर घेऊन जा.